बोरीचा पाला

हे मी मराठीत लिहितेय ते मुद्दाम. झाशीत, आमच्या प्रेमनगरच्या गल्लीत, मराठी वाचणारं आता कोणी उरलेलं नाही. माझे यजमान नीलकंठ होते, ते गेले. मुलगा सलील इथेच वाढला. त्याला मराठी कळतं, पण चार ओळी वाचायला दिल्या की जांभया देतो. त्याची मुलगी स्वरदा तर सरळ म्हणते, "दादी, हिंदी में बोलो न." पूर्वी या गोष्टीची मला भयंकर चीड यायची. आज बरं वाटतंय. कारण मी जे सांगणार आहे ते बतूलन बुआच्या घरच्यांच्या कानावर जाता कामा नये, आणि पोटात ठेवून ठेवून माझा जीव मेटाकुटीला आलाय.

बुआ आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, एक मुलगा इदरीस. रजया भरून तिनं त्याला वाढवलं. कापूस पिंजून आणायचा, खोळीत सारखा पसरायचा आणि लांब सुईनं टाके घालत बसायचं. आमच्या घरातल्या सगळ्या रजया तिच्याच हातच्या आहेत. पण लोक तिला ओळखायचे ते वेगळ्याच कामामुळे. मुसलमानांत माणूस गेलं की दफन करण्याआधी त्याला आंघोळ घालतात, गुसल म्हणतात त्याला. बाईमाणसाला बायकांनीच घालायची. हे काम सगळ्या समाजाच्या माथ्यावरचं असतं. कोणी एकीनं केलं की सगळ्यांच्या माथ्यावरून उतरतं, कोणीच केलं नाही तर पाप सगळ्यांना. आता असं असल्यावर काय होणार? सगळ्या जणी त्या एकीची वाट बघत बसतात! आमच्याकडची ती एक म्हणजे बुआ. तिची सासू हे काम करायची, सासू थकल्यावर हिनं हाती घेतलं. त्याचं ती कोणाकडून काही घ्यायची नाही. त्या घरचा चहासुद्धा नाही.

मी भुसावळहून लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या अंगणात बोरीचं मोठं झाड आहे. एका दुपारी बघते तर एक उंच, सावळी बाई फाटक उघडून आत शिरलेली आणि खुशाल पाला ओरबाडतेय. माझा राग नाकावर. हिंदी तेव्हा कुठे येत होतं? मराठीतच झापलं, "ओ बाई, विचारायची काही रीतभात आहे की नाही? झाड काय तुमच्या बापाचं आहे?"

तिला शब्द कळले नसतील, सूर कळला. हात न थांबवता म्हणाली, "दुल्हिन, पूछने का बखत नहीं है. किसी को नहलाना है."

संध्याकाळी नीलकंठ कामावरून आले आणि मग उलगडा झाला. आंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला उकळतात, आणि आमचं झाड सासऱ्यांच्या वेळेपासून त्या कामी येतंय. मी काय करावं? सबंध घर धुऊन काढलं. फाटकाची कडीसुद्धा. हे नुसते हसत होते.

पुढं सवय झाली. बुआ टोपली घेऊन आली की समजायचं, कोणीतरी गेलं. ती नाव सांगायची, मी काठीनं फांदी वाकवून धरायची, ती पाला तोडायची. दोघी बोलत बोलत पाला निवडायचो. ती मला "दुल्हिन" म्हणायची ते माझे केस पांढरे झाले तरी दुल्हिनच. कसं करते ते तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. अंगावर चादर कायम असायची, तिच्याखालीच हात घालायचा, हाताला कापड गुंडाळलेलं. पाणी कोमट, लहान बाळाला सोसेल इतकंच. सुरुवात उजवीकडून. शेवटच्या पाण्यात कापूर. मग पांढरं कापड, गरिबाला तेच आणि श्रीमंताला तेच. आणि हे सगळं करताना ती त्या बाईशी बोलायची. "बिटिया, अब ज़रा करवट लेंगे. बस, हो गया." मी विचारलं, "अहो, तिला काय ऐकू येतंय?" तर म्हणाली, "उसे न सुनाई देता हो, मेरे हाथ को तो देता है."

सगळ्यात मोठा नियम तोंडाचा. चादरीखाली जे दिसेल ते तिथंच ठेवायचं. डाग, व्रण, वळ, काही असो. जो मेलेल्याचं उणं झाकतो, त्याचं उणं अल्लाह झाकतो, असं तिचं म्हणणं. मोहल्ल्यातल्या इतक्या बायका तिच्या हाताखालून गेल्या, पण एकीबद्दल एक शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. आणि मी काही कमी चौकशा केल्या नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू.

एवढं करून लोकांनी तिला काय दिलं? लग्नाकार्यात ती येऊन बसली की बायका जरा सरकून बसायच्या. नवरीला मेंदी लावायला तिला कधी कोणी बोलावलं नाही. तिची स्वतःची सून नाहिद नव्यानं आली तेव्हा बाळाला बुआच्या हातून दूध पाजू द्यायची नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. म्हटलं, "बुआ, एकदा नाही म्हणा ना! बघू दे त्यांना काय करायचं ते!" ती हसायची. "मुर्दे का क्या क़सूर है, दुल्हिन?"

आता मूळ गोष्ट.

झाशीचा उन्हाळा म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. मे महिन्यात लू सुटते तेव्हा अंगावर सुती कापडही नको होतं. पण बुआची बाही बारा महिने मनगटापर्यंत. मला वाटायचं, धर्माचं असेल. एकदा ती आमच्या ओल्या अंगणात घसरून पडली. बाही खिळ्याला अडकून टर्रकन फाटली, आणि उजव्या हातावर, कोपराच्या खाली, मला हिरवट गोंदण दिसलं. चौकट, चौकटीत आडव्या-उभ्या रेघा, मध्ये ठिपके. मी ओळखलं. सीता-रसोई म्हणतात इकडे तिला. बुंदेलखंडातल्या खेड्यांत पूर्वी मुलीच्या हातावर ती असायचीच.

बुआनं झटकन ओढणीनं हात झाकला. तिचा चेहरा असा उतरला की मलाच भीती वाटली. मग सांगितलं तिनं. तिचं माहेर गुरसरायच्या बाजूच्या एका खेड्यातलं. ती सहा-सात वर्षांची असताना गोंदणारीण आली. गावच्या सगळ्या पोरी ओळीनं बसल्या, त्यात हीही बसली. आईनंच बसवलं. कोण हिंदू, कोण मुसलमान, त्या ओळीत कोणी बघितलं नाही. ती खूप रडली आणि आईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. लग्न होऊन झाशीत आली तेव्हा सासूनं हात बघितला आणि सांगितलं, हा हात पुन्हा कोणाला दाखवायचा नाही. गोंदवून घेणं आपल्यात मना आहे. तेव्हापासून बाही खाली आली ती आलीच.

"सलील की क़सम खा, किसी से नहीं कहेगी," ती म्हणाली. मी शपथ घेतली. तसं त्यात सांगण्यासारखं काय होतं? भुसावळला माझ्या आजीचे दोन्ही हात गोंदणानं भरलेले होते.

पुढं बरीच वर्षं गेली. नीलकंठ गेले, इदरीस बिजौलीला कारखान्यात लागला, बुआला साखरेचा आजार जडला. पाणी ओतायला तिच्यासोबत कनीज़ नावाची बाई यायची. हाताला चपळ, पण तोंड म्हणजे चाळणी. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका घरची म्हातारी गेली. खेड्यातून लेकाकडे येऊन राहिलेली. चादरीखाली तिचे दोन्ही हात गोंदलेले निघाले, आणि कनीज़नं दोन दिवसांत ते सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. वर तिखट-मीठ लावलं. "गुदने वाली का गुसल उतरता ही कहाँ है? पानी ऊपर-ऊपर से बह जाता है. बेचारी नापाक ही गई." म्हातारीचा मुलगा मान खाली घालून नमाजाला जायला लागला. तिच्या नातीचं ठरत आलेलं लग्न, त्या लोकांनी येणंच बंद केलं.

बुआनं कनीज़ला भर गल्लीत अशी फैलावर घेतली की बस. पण संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली.

"मेरा गुसल कौन देगा, दुल्हिन?"

कनीज़शिवाय हे काम जाणणारं दुसरं होतं कोण? बुआचे डोळे मिटले की तिला आंघोळ घालणार कनीज़, आणि दुसऱ्या दिवशी सबंध मोहल्ल्यात एकच विषय. ज्या बाईनं जन्मभर सगळ्यांना पाक, शुद्ध करून पाठवलं ती स्वतः नापाक गेली! इदरीस मान खाली घालून फिरणार. आणि लोकांचं एक वेळ सोडा, बुआला ते खरंच वाटायला लागलं होतं. पाणी खरंच वरच्या वर वाहून जात असेल तर? वर जाऊन काय तोंड दाखवायचं?

तिनं नाहिदला शिकवायचं मनावर घेतलं. नाहिद आता पूर्वीसारखी राहिली नव्हती, सासूला जपायची, पण मुडद्याचं नाव काढलं की हातपाय गळायचे तिचे. एकदा बुआनं तिला सोबत नेलं, तर ती दारातच मटकन खाली बसली आणि ओकली. तिला घरी आणून सोडावं लागलं.

मी म्हटलं, "बुआ, कनीज़ काय मोठी पंडित लागून गेली? मशिदीत मौलाना आहेत ना, त्यांना विचारा."

"पूछूँगी तो समझ न जाएगा किसके लिए पूछ रही हूँ?"

"मग मी विचारते. माझा काय संबंध लावणार ते?"

"तू?" बुआला हसूच आलं. "मराठिन बाई मस्जिद में गुदना पूछने गई, यह बात कित्ती देर छुपेगी? सलील की क़सम खाई है तूने."

झालं! माझ्या तोंडाला कुलूप. मी पाय आपटत आत गेले. त्या शपथेचा मला इतका राग कधी आला नव्हता.

गेल्या वर्षी रमजानच्या थोडं आधी बुआ पाला न्यायला आली. मी काठी घेऊन फांदी वाकवली आणि बघते तर ती डाव्या हातानं पाला तोडतेय. उजवा हात ओढणीत. बुआ डावा हात वापरणारी नव्हे. जेवण, देणंघेणं, आंघोळ घालणं, सगळं उजव्यानं. आणि एक वास येत होता. मी काठी टाकली आणि तिची बाही वर सरकवली.

अगं आई गं! काय सांगू मी! कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलेलं, कडेनं काळं, मध्ये पू. तिनं चुना आणि कपडे धुवायचा सोडा कालवून त्याचा लेप हातावर बांधला होता, गोंदण जाळायला. खेड्यात पूर्वी असं करायचे म्हणे. साखर असलेल्या बाईनं! आणि कितीतरी दिवस बाहीखाली ते झाकून ती घरात वावरत होती, रजया शिवत होती.

"वेड लागलं का तुम्हाला?" मी ओरडले. मला रडूच आलं. ती मात्र शांत होती. म्हणाली, "चली गई, दुल्हिन. देख, एक लकीर नहीं बची."

इदरीसला कारखान्यातून बोलावून घेतलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, हात कोपराच्या वरून काढावा लागेल, नाहीतर बाई हाताला लागायची नाही. इदरीसला वाटत होतं, उकळत्या सोड्याचं भांडं कलंडलं. तेच बुआनं सांगितलं होतं आणि तेच मीही सांगितलं.

त्यांच्यात अंगाचा भाग असा काढला तर तो टाकून देत नाहीत, मातीत पुरतात. इदरीसनं तो हात पांढऱ्या कापडात गुंडाळून कब्रस्तानात नेला, त्याच्या बापाच्या कबरीजवळ. बुआ इकडे खाटेवर आणि तिचा हात तिच्याआधी मातीत. ज्या हातानं मोहल्ल्यातल्या सगळ्या आया-बायांना न्हाऊमाखू घातलं, तो.

बुआला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी शपथ मोडली. म्हटलं, आता कसली शपथ आणि कसलं काय! डोक्यावरून पदर घेतला आणि मशिदीच्या बाहेरच्या खोलीत मौलाना मुलांना शिकवत बसतात तिथं गेले. तरुण आहेत, काल्पीकडचे. मुलांना त्यांनी बाहेर पाठवलं. मी नाव न घेता विचारलं. लहानपणी आईनं गोंदवून घेतलं असेल, तर त्या बाईचं गुसल होतं की नाही?

"बिल्कुल होता है," ते म्हणाले. "रंग खाल के नीचे है, पानी खाल तक पहुँच गया, बस. और बच्ची का इसमें गुनाह क्या? उसने तो किया ही नहीं."

"आणि ते काढून टाकायला पाहिजे का?"

"तकलीफ़ उठाकर? हरगिज़ नहीं. जिस्म अल्लाह की अमानत है, उसे जलाने को कौन कहेगा?"

मग त्यांच्या लक्षात आलं. बुआचा हात काढल्याचं सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. म्हणाले, "एक बार पूछ लेतीं मुझसे." मला दारापर्यंत सोडायला आले. "आप उन्हें बता दीजिए, अम्मा. दिल हल्का हो जाएगा उनका."

मी तशीच बुआकडे गेले. सांगायचं ठरवूनच गेले. ती खाटेवर बसलेली, रिकामी बाही नाहिदनं दुमडून टाचलेली. मला बघून हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"बैठ दुल्हिन. अब आने दे कनीज़ को," ती म्हणाली. "जित्ता देखना है देख ले. मैं तो पाक हो गई. हाथ गया तो गया, मुँह दिखाने लायक़ तो जाऊँगी."

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. कसं सांगू? बुआ, हे सगळं फुकट गेलं. तुमचा हात पहिल्यापासून पाकच होता. एक प्रश्न विचारला असता तर आज तो जागेवर असता! चादरीखाली जे दिसेल ते तिथंच ठेवायचं, हे तिनंच मला शिकवलेलं. मी तिच्या पायावर हात फिरवत बसून राहिले आणि नाहिदनं केलेला चहा प्याले.

बुआ त्यातून उठली नाही. जखम भरली, पण बाई खंगत गेली. रजई शिवता येईना, कोणी गेलं तर आंघोळ घालता येईना. कनीज़ एकटी जायची आणि बुआ खाटेवर पडून सगळं तोंडानं म्हणायची, आता उजवी कूस, आता डावी. मे महिन्यात लू सुटली तेव्हा तिनं खाणं सोडलं. एका सकाळी मी तिला चमच्यानं पन्हं पाजत होते. मध्येच माझा हात धरून तिनं विचारलं, "तूने मौलाना से पूछा तो नहीं था न कभी?"

मी म्हटलं, "नाही बुआ. शपथ होती ना. कशाला विचारू?"

"अच्छा किया," ती म्हणाली. तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "कहीं वो कह देता कि ज़रूरत ही नहीं थी, तो मैं अब क्या करती?"

तिला कळलं होतं का? मला आजही समजलेलं नाही. मी पन्ह्याचा चमचा पुढं केला आणि तिनं तो घेतला.

ती गेली त्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. टोपली घेऊन नाहिद उभी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "चाची, पत्ते. अम्मी को मैं नहलाऊँगी. कनीज़ ख़ाला पानी डालेंगी."

उन्हाळ्यात बोरीचा पाला झडतो. फांद्यांवर थोडाच उरला होता. मी काठीनं एकेक फांदी वाकवत गेले आणि ती तोडत गेली. तोडता तोडता ती पुटपुटत होती, परीक्षेला जाणारी पोर घोकते तसं. "पहले दाहिनी तरफ़. पहले दाहिना हाथ…" आणि तिथं ती अडली. माझ्याकडे बघायला लागली. "चाची, दाहिना हाथ तो..."

"उजवीकडूनच कर," मी म्हटलं. मराठीतच बोलले, पण तिला कळलं. "जेवढा आहे तेवढा धू."

तिनं मान हलवली. मी तिच्यासाठी पुढची फांदी खाली ओढली.